पल्पला यश मिळायला १५ वर्षं लागली म्हणतात. तोवर ते टिकले कसे?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. पल्प या ब्रिटिश बँडला नाव मिळायला खरंच १५ वर्षं लागली का आणि तोवर ते टिकले कसे, हा पहिला. शेवटच्या ओळीत हळूच घुसवलेला दुसरा: तुमचा स्वतःचा बँड चार वर्षांत कॉलेजचं गॅदरिंग आणि दोन कॅफे यांच्यापुढे गेलेला नाही, तर आता गाशा गुंडाळावा का? पहिल्यावर मी तासभर बोलू शकतो. दुसऱ्याकडे शेवटी येतो.

आधी हिशेब. बँड सुरू झाला १९७८ मध्ये, शेफील्डच्या शाळेतल्या मुलांचा. त्यांचा गायक जार्विस कॉकर तेव्हा १५ वर्षांचा होता. अर्थशास्त्राच्या तासाला फायनान्शियल टाइम्समधल्या बाजारभावांच्या यादीत कॉफीच्या नोंदींपाशी त्यांना नाव सापडलं, 'अरेबिकस पल्प'. त्यातलं अरेबिकस लवकरच गळालं. ज्या गाण्यामुळे जग त्यांना ओळखतं ते 'कॉमन पीपल' आलं मे १९९५ मध्ये. म्हणजे १७ वर्षं. तुम्ही कमीच सांगितलीत.

गंमत अशी की पहिला घास अगदी लवकर मिळाला होता. १९८१ मध्ये बीबीसी रेडिओचा जॉन पील शेफील्डला आला असताना जार्विसने त्याच्या हातात स्वतःची कॅसेट कोंबली. पील म्हणजे त्या काळी इंग्लंडमधल्या प्रत्येक होतकरू बँडचा पांडुरंग. त्याने बोलावणं पाठवलं आणि त्याच वर्षी शाळकरी पोरांचं रेकॉर्डिंग बीबीसीवर वाजलं. घरच्यांना वाटलं असेल, झालं, पोरगं मार्गी लागलं. पीलकडे त्यांचं दुसरं रेकॉर्डिंग झालं १९९३ मध्ये. मधे बारा वर्षं.

त्या बारा वर्षांत काय काय झालं? बरोबरची मुलं एकेक करून विद्यापीठात निघून गेली, जार्विस मागे राहिला. १९८३ मध्ये 'इट' नावाचा पहिला अल्बम आला, फारसा कुणी घेतला नाही. रसेल सीनियर गिटार आणि व्हायोलिन घेऊन आला, कँडिडा डॉइल कीबोर्डवर आली. तिला सोळाव्या वर्षापासून संधिवात आहे आणि ती आजही वाजवते, हे जाता जाता लक्षात ठेवा. ड्रमवर निक बँक्स आला. १९६६ चा फुटबॉल विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या गोलरक्षकाचा, गॉर्डन बँक्सचा, हा पुतण्या. पुढे बेस गिटारवर स्टीव्ह मॅकी. कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं हे सगळं सांगत बसलो तर रेल्वेचं वेळापत्रक होईल.

नोव्हेंबर १९८५ मध्ये तर जार्विसने कहरच केला. एका मुलीवर छाप पाडायला हा इसम स्पायडरमॅनसारखा खिडकीबाहेर लोंबकळला, हात सुटला आणि खाली आदळला. कंबरेचं हाड, पाऊल, मनगट, सगळं मोडलं. काही दिवस कार्यक्रमांत तो चाकाच्या खुर्चीत बसून गायला. मुलगी प्रभावित झाली की नाही याची नोंद माझ्याकडे नाही. पुढचा अल्बम 'फ्रीक्स' १९८७ मध्ये आला. तो मी तीनदा प्रामाणिकपणे ऐकायचा प्रयत्न केलाय. तुम्ही करू नका. तिसरा अल्बम १९८९ मध्ये रेकॉर्ड झाला आणि रेकॉर्ड कंपनीच्या घोळात दुकानात यायला १९९२ उजाडलं.

तर टिकले कसे? याला लोक 'जिद्द' म्हणतात आणि मोकळे होतात. मला ते पटत नाही. जिद्द तुमच्या माझ्यातही असते, महिन्याच्या एक तारखेला घरमालक दारात उभा राहिला की ती खिडकीतून पळते. ऐंशीच्या दशकातलं शेफील्ड डोळ्यांपुढे आणा. हे पोलादाचं गाव. आपल्याकडे जुन्या लोकांच्या वस्तऱ्यांवर आणि चाकूंवर 'मेड इन शेफील्ड' कोरलेलं असायचं, तेच हे. ते कारखाने धडाधड बंद पडत होते, जवळच्या कोळसा खाणींचा १९८४-८५ चा मोठा संप मोडला जात होता. तरुण मुलाला नोकरी मिळेल अशी अपेक्षाच उरली नव्हती. पण सरकारचा बेकारभत्ता होता, लहानसा का होईना, नियमितपणे हातात पडणारा. शिवाय ओस पडलेल्या कारखान्यांच्या इमारती होत्या. अशाच एका इमारतीत जार्विस काही काळ राहत होता. शाळेत असताना शनिवारी मासळी बाजारात खेकडे घासून चार पैसे मिळवायचा. पुढे बेकारभत्त्यावर जगला, सेकंडहँड कपडे घातले आणि सगळा वेळ गाण्यांना दिला. त्याच्या वयाच्या कुणालाच तो म्हणत नव्हता की मी मोठा त्याग करतोय, कारण सोडून द्यावं असं समोर काही नव्हतंच. त्या गावात पल्पमध्ये राहणं आणि पल्प सोडणं यात पैशांचा फरक जवळजवळ शून्य होता. माझ्या मते बँड टिकण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि कुठल्याही प्रेरणादायी भाषणात ते येत नाही.

तरीही १९८८ मध्ये जार्विस कंटाळला. लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात चित्रपट शिकायला निघून गेला. म्हणजे 'कधीच हार मानली नाही' वगैरे खोटं आहे. त्याने मानली होती. फक्त ती हार नेमकी उपयोगी पडली, कारण त्या कॉलेजात त्याला ग्रीसहून आलेली एक श्रीमंत घरची मुलगी भेटली. तिला काही दिवस सामान्य लोकांसारखं राहून बघायचं होतं. चार दिवस चाळीत राहून बघते, सार्वजनिक नळावर पाणी भरते, मज्जा येईल, असल्या जातीची हौस.

बरीच वर्षं ती गोष्ट डोक्यात पडून राहिली. मग त्याने नॉटिंग हिलच्या एका दुकानातून जुना, खेळण्यासारखा कॅसिओ कीबोर्ड घेतला आणि त्यावर दोन बोटांनी वाजेल अशी चाल बसवली. मॅकीला ती ऐकून एमर्सन, लेक अँड पामर या जुन्या बँडच्या 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन'ची आठवण झाली. त्यावरून 'कॉमन' हा शब्द आला आणि ती ग्रीक मुलगी त्यात जाऊन बसली. गाण्यात निवेदक तिला सुपरमार्केटात नेतो आणि म्हणतो, समज तुझ्याकडे पैसे नाहीत. ती हसते. इथून पुढे गाणं हळूहळू तापत जातं, लय वाढते आणि शेवटाला तो जवळजवळ किंचाळतो. सांगणं एवढंच, की तू कितीही स्वस्तातली खोली घेतलीस तरी एक फोन केलास की तुझा बाप तुला बाहेर काढेल. ज्याच्याकडे तो फोन नाही, त्याची गरिबी वेगळी. हे लिहायला बेकारभत्त्यावर वर्षं काढलेला माणूसच लागतो. २१ व्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या गायकाच्या हातून ते झालं नसतं.

गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पहिल्यावर कोण? टीव्ही मालिकेतले दोन नट, रॉबसन आणि जेरोम, जुनं गाणं गात होते. जगाला न्याय नसतो याचा माझा आवडता पुरावा.

मग जून आला. ग्लॅस्टनबरी या इंग्लंडमधल्या मोठ्या संगीत महोत्सवात शनिवारी रात्री द स्टोन रोझेस हा बँड वाजवणार होता. त्यांचा गिटारवादक जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, खांद्याजवळचं हाड मोडलं. आयत्या वेळी पल्पला बोलावलं. २४ जून १९९५, समोर हजारो लोक, आणि 'कॉमन पीपल' सुरू झाल्यावर ते सगळे शब्द न् शब्द गातायत. यूट्यूबवर बघा. जार्विसच्या चेहऱ्यावर विजय वगैरे दिसत नाही, 'हे माझ्याशीच बोलतायत का' असा भाव आहे. खिडकीतून पडलेल्या माणसाचं नशीब दुसऱ्या कुणाच्या तरी पडण्याने उघडलं, हे लिहायचा मोह मला दरवेळी होतो. आजही आवरला नाही.

ऑक्टोबरमध्ये 'डिफरंट क्लास' आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षी त्याला अल्बमसाठीचा मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, त्यांनी तो युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या वॉर चाइल्ड या संस्थेला देऊन टाकला. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्रिट या ब्रिटनमधल्या संगीत पुरस्कारांच्या रात्री मायकल जॅक्सन लहान मुलांच्या घोळक्यात तारणहाराच्या थाटात गात असताना जार्विस मंचावर घुसला आणि प्रेक्षकांकडे पार्श्वभाग करून हात हलवू लागला. पोलिसांनी चौकशीला नेलं. त्याच्या मदतीला धावला विनोदी नट बॉब मॉर्टिमर, जो आधीच्या आयुष्यात वकील होता! गुन्हा काही दाखल झाला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून जार्विसला रस्त्यावर चालणं मुश्कील झालं.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. सतरा वर्षांच्या अपयशाने जे झालं नाही, ते दोन वर्षांच्या यशाने केलं. १९९७ च्या सुरुवातीला रसेल सीनियर सोडून गेला. १९९८ चा 'धिस इज हार्डकोर' पहिल्या क्रमांकावर गेला, पण तो दरवाजे आतून लावून घेतलेल्या माणसाचा अल्बम आहे: भीती, किळस, पहाटे चारची झोपमोड. लोकांना 'डिफरंट क्लास' पुन्हा हवा होता, त्यांनी पाठ फिरवली. (त्यातलं 'हेल्प द एजेड' हे म्हातारपणावरचं गाणं जार्विस चौतिसाव्या वर्षी गायला. आता साठी उलटलीय त्याची.) २००१ मध्ये गायक स्कॉट वॉकरने निर्मिती केलेला 'वी लव्ह लाइफ' आला. डिसेंबर २००२ मध्ये रॉदरहॅमच्या मॅग्ना केंद्रात शेवटचा कार्यक्रम केला आणि थांबले. मॅग्ना म्हणजे बंद पडलेला पोलाद कारखाना, आता विज्ञानकेंद्र. भांडण नाही, घोषणा नाही.

मधल्या काळात जार्विस पॅरिसला राहिला, एकट्याचे अल्बम केले, रेडिओवर रविवारचा कार्यक्रम केला. हॅरी पॉटरच्या चौथ्या चित्रपटातल्या नाचाच्या प्रसंगात जो जादूगारांचा बँड दिसतो, त्यात गाणारा जार्विस आणि बेसवर मॅकी आहे, सोबत रेडिओहेड या बँडमधले दोघे. तुम्ही तो पाहिलाच असणार, म्हणजे पल्प अर्धामुर्धा पाहिलाय.

२०११ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. ८ डिसेंबर २०१२ ला शेफील्डच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये वाजवलं आणि तिथे मी होतो. नोकरीनिमित्त लीड्सला राहत होतो, कडाक्याच्या थंडीत लोकलसारख्या खच्चून भरलेल्या गाडीने गेलो. शेजारी साठीच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मी कुठून आलो विचारल्यावर पुणं त्यांना कळलं नाही, 'लीड्स' म्हटल्यावर मात्र त्यांनी मनापासून सहानुभूती दाखवली. जार्विस दोन गाण्यांमधे गावच्या बसगाड्यांपासून कशावरही बोलत होता आणि लोक ओट्यावर बसून ऐकावं तसं ऐकत होते. त्या रात्रीवर २०१४ मध्ये एक माहितीपट आला. त्यात मी दिसत नाही, शोधून झालंय.

२०२३ मध्ये पुन्हा दौरा ठरला. मॅकीने त्यात भाग घेतला नव्हता आणि दौरा सुरू होण्याआधीच, मार्चमध्ये, तो ५६ व्या वर्षी गेला. कदाचित त्यामुळेच असेल, बाकीच्यांनी नुसती जुनी गाणी वाजवून घरी जायचं नाही असं ठरवलं. 'मोअर' हा अल्बम तीन आठवड्यांत रेकॉर्ड झाला, मॅकीला अर्पण केला आणि जून २०२५ मध्ये आला. आधीच्या अल्बमनंतर २४ वर्षांनी, आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर. त्याच महिन्यात ग्लॅस्टनबरीच्या यादीत 'पॅचवर्क' नावाचा एक अनोळखी बँड होता. पडदा उघडला तर हे. ३० वर्षांनी, त्याच मंचाच्या परिसरात, तेच गाणं.

कुठून ऐकायला लागावं विचाराल तर 'कॉमन पीपल'वरून नको. 'बेबीज' घ्या, कपाटात लपलेल्या पोराची गोष्ट आहे, तीन-चार मिनिटांत कळेल तुमचं जमणार की नाही. मग 'डिफरंट क्लास' सलग. 'हार्डकोर' चाळिशीला ठेवून द्या. 'मोअर'मधलं 'स्पाइक आयलंड' आत्ताच ऐका.

आता तुमचा बँड. थांबावं का, हे मी सांगू शकत नाही, तुमचं एकही गाणं मी ऐकलेलं नाही. आम्हीही इंजिनीअरिंगला असताना चौघांनी बँड काढला होता. तो दीड वर्षात मोडला, आणि कारण संगीत नव्हतं. दोघांची कॅम्पसमधून निवड झाली, एकाच्या वडिलांनी कर्ज काढलेलं होतं आणि ड्रम ठेवायला जागा उरली नाही. आपल्याकडे बेकारभत्ता नाही, ती जागा आईवडील भरून काढतात आणि त्यांची मुदत साधारण पंचविशीला संपते. म्हणून तुमच्या गाण्यांआधी मला हे सांगा: तुम्ही चौघं राहता कुठे, भाडं कोण भरतं, आणि सरावाची खोली फुकट आहे का? खाली टिप्पणीत लिहा, मग बोलू.