इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे लोक आपल्याच गावच्या बँडची नावं का घेतात, आणि रीमिक्ससाठी गाणं कसं निवडतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मी हौसेने रीमिक्स करतो, म्हणजे दुसऱ्याच्या तयार गाण्याला नवं रूप देतो, त्यामुळे पहिलीचं रोखठोक उत्तर आधी देऊन टाकतो: ओळखीच्या बँडकडून स्टेम मिळतात. स्टेम म्हणजे गाण्याचे सुटे भाग. आवाज वेगळा, बेस वेगळा, ड्रम वेगळे. नावाजलेल्या बँडकडे ते मागायला गेलात की आधी मॅनेजर, मग रेकॉर्ड कंपनी, मग वकील. ड्रमर ओळखीचा असेल तर रात्री मेसेज टाकायचा, सकाळी फोल्डर हजर. आता तयार गाण्यातून आवाज वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण त्या आवाजाला झांजेची किनार चिकटून येते. एकदा ती कानाला जाणवली की मग तीच ऐकू येत राहते.

दुसरं कारण जरा खोल आहे. त्या बँडला तुम्ही समोर उभं राहून ऐकलेलं असतं. बेसवाला काय कमाल करतो आणि रेकॉर्डमध्ये ते गिटारच्या ढिगाखाली कसं गाडलं गेलंय, हे तुम्हाला माहीत असतं. रीमिक्स करताना मग फार डोकं खाजवावं लागत नाही, गाडलेलं तेवढं वर काढायचं.

ब्रिस्टल शहराचं उदाहरण बघा. तिथल्या मॅसिव्ह अटॅक या बँडचा पहिला अल्बम (१९९१) शहरातल्याच कोच हाउस स्टुडिओत रेकॉर्ड होत होता, तेव्हा टेप लावायच्या कामाला असलेला पोरगा होता जेफ बॅरो. पुढे त्याने पोर्टिसहेड हा बँड काढला. असे लोक मुलाखतीत एकमेकांची नावं घेतात तेव्हा तो नुसता गावाभिमान नसतो, एकाच स्टुडिओच्या भिंती दोघांनी ऐकलेल्या असतात. बेल्जियममधल्या गेंटच्या सोलवॅक्सने तर मधला माणूसच काढून टाकला. या रॉक बँडने २००४ च्या आपल्याच अल्बमला २००५ मध्ये स्वतःच नाचण्याजोगं रूप दिलं, आणि मला मूळ अल्बमपेक्षा तेच जास्त आवडतं.

आता दुसरा प्रश्न, गाणं निवडायचा. स्टेम आले की मी आधी फक्त आवाज लावतो, बाकी सगळं बंद. उघडा आवाज ऐकणं हा वेगळाच प्रकार आहे. ओळीआधीचा श्वास, हेडफोनमधून झिरपलेली क्लिकची (ताल धरायला गायकाच्या कानात वाजणाऱ्या ठोक्याची) टिकटिक, ओळ संपल्यावर कुणीतरी हळूच हसलेलं. त्या आवाजात एकट्याने उभं राहायची ताकद असेल तर निम्मं काम झालं. नसेल, तर खाली सिंथचे (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे) कितीही सूर ओता, गाणं उभं राहत नाही.

मग लय. ६३ बीपीएमचं (मिनिटाला ६३ ठोक्यांचं) संथ गाणं मिळालं तर मी खूश, कारण दुप्पट केलं की थेट १२६, म्हणजे हाउस या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा ठेका, आणि आवाज ताणावा लागत नाही. ९५-१०० च्या आसपासची गाणी मात्र छळतात. १२५ पर्यंत खेचली तर गायक घाईत असल्यासारखा वाटतो, निम्म्यावर आणली तर झोपलेला. त्यात बँडने क्लिकशिवाय रेकॉर्ड केलं असेल, तर मुखड्याला वेग चढतो आणि अंतऱ्याला उतरतो. सॉफ्टवेअरमध्ये ओळ न् ओळ ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या आखलेल्या रेघांवर, बसवता येते, पण सगळी बसवली की गायकाचा जीव जातो. मी समेजवळचे शब्द तेवढे पकडतो, बाकीचे सैल सोडतो.

माझ्या आवडीची दोन टोकं सांगतो. एव्हरीथिंग बट द गर्ल या जोडीचं 'मिसिंग' हे १९९४ चं गाणं मूळ रूपात फारसं चाललं नव्हतं. टॉड टेरी या डीजेने खाली हाउसचा ठेका घातला, गायिका ट्रेसी थॉर्नच्या उदास आवाजाला धक्का लावला नाही, आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. दुसरं टोक म्हणजे अँड्र्यू वेदरॉल या डीजेचं 'लोडेड' (१९९०). प्रायमल स्क्रीम या बँडच्या संथ गाण्यातला मुख्य आवाज त्याने जवळजवळ काढूनच टाकला, आणि तरी बँडला नाव मिळालं ते त्याच गाण्याने! म्हणजे मघाचा माझा आवाजाचा नियम इथे सपशेल पडतो. माझ्याकडे तेवढी छाती नाही, मी आवाज ठेवतो.

मधलं मात्र मला अजिबात चालत नाही. अख्खं गाणं जसंच्या तसं, खाली मोठ्या ड्रमची धप-धप, आणि मुखड्याआधी आवाजाचे तुकडे करून तोतरेपणा. याला मी रीमिक्स म्हणत नाही. जमैकात किंग टबी हा ध्वनितंत्रज्ञ सत्तरच्या दशकात मिक्सरवर आवाज गायब करायचा, आणि शब्द पुरा व्हायच्या आत तो इकोत सोडून द्यायचा. त्यात काय काढायचं हा निर्णय असायचा. इथे नुसतीच भर.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर ओळखीच्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं मागू नका. ते बसलेलं असतं, तुम्हाला करायला काही उरत नाही. त्यांनाच मनापासून न पटलेलं एखादं मागा, देतात आनंदाने. आणि ओळखीपाळखीत असलं तरी परवानगी लेखी घ्या: रेकॉर्डिंगच्या मालकाचीही, आणि चाल-शब्द ज्यांचे त्यांचीही. बँड फुटल्यावर हे कागद शोधायची वेळ येते.