मुंबईत घेतलेली जुनी बोट समुद्रातून कारवारला आणायची आहे. ओळखीच्या तांडेलाला (मासेमारी बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) सांगावं की पैसे मोजून कॅप्टन ठेवावा?

तुम्ही निपाणीचे. बोट ३८ फुटी, फायबरची, डिझेल इंजिनाची. दोन वर्षं उभीच होती आणि आता तिला काळी नदीच्या मुखाशी ठेवायचं आहे. तांडेल थोड्या पैशांत काम करून देतो म्हणतोय, कॅप्टनचा आकडा ऐकून तुम्ही दचकलात. मी बेळगावचा, जहाजावर इंजिन खात्यात नोकरी करतो आणि सुट्टीत अशा बोटी पोचवायला इंजिन सांभाळणारा म्हणून जातो. माझं मत सरळ आहे: कॅप्टन ठेवा, आणि तांडेलालाही बरोबर घ्या.

सुकाणू तांडेलही धरेल, कदाचित जास्त चांगलं. कॅप्टनला आपण पैसे देतो ते बोट तपासून 'आज निघायचं नाही' असं सांगण्यासाठी. आपल्याकडच्या एका मालकाची बोट अशीच निघायची होती. घरच्यांनी गुरुपुष्याचा मुहूर्त काढलेला, काका-मामा गाडी करून मुंबईला आलेले. कॅप्टनने डिझेल फिल्टरची काचेची वाटी सोडवून हातावर ओतली, तर काकवीसारखा काळा, दाट गाळ. ते म्हणाले, "नारळ आजच फोडा, बोट टाकी धुतल्यावर सुटेल." काका वैतागले, "अरे, मग आम्ही इथं काय करूलाय?" पण कॅप्टन काही हलले नाहीत.

उभ्या बोटीत नेमकं हेच होतं. टाकीत पाणी उतरतं, तळाला गाळ बसतो. धक्क्याला बांधलेली असताना इंजिन छान चालतं. बाहेर लाटांनी टाकी ढवळली की गाळ वर येतो, फिल्टर तुंबतात आणि इंजिन बंद पडतं, तेही खडकांच्या बाजूला वारा ढकलत असताना. म्हणून टाकी उघडून साफ करा. जादा फिल्टर, पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं रबरी चाक) आणि पट्टे बोटीवर हवेतच. निघण्याआधी दोन-तीन तास पूर्ण वेगाने चालवून बघा, आणि तेव्हा कॅप्टन बोटीवर असू द्या.

मुंबई ते कारवार साधारण २६० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर. ८ नॉटने, म्हणजे ताशी ८ सागरी मैलांनी, धरलं तर नुसतं चालण्याचे ३२-३३ तास. इंजिन समजा ताशी १५ लिटर पीत असेल तर पाचशे लिटर, त्यावर निदान एक तृतीयांश शिल्लक. रात्री चालवायला मी तरी सांगणार नाही. अंधारात जाळ्यांच्या खुणा दिसत नाहीत, आणि बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं की खेळ संपला. पहिल्या दिवशी पहाटे निघून जयगडची खाडी, मग विजयदुर्ग, मग पणजी, शेवटी कारवार, असे टप्पे धरा. मालवणपाशी आणि वेंगुर्ल्यासमोर खडक आहेत, तिथे किनाऱ्यापासून चांगलं अंतर ठेवावं लागतं. जाळी कुठे लावलेली असतात हे तांडेलाला कॅप्टनपेक्षा जास्त कळतं, म्हणून तो हवा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कोरड्या महिन्यांत सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा असतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. दक्षिणेला येताना तो पाठीमागून लागतो, हीच बोट उलट न्यायची असती तर आपटत गेली असती. जून ते ऑगस्ट मात्र विषयच काढू नका.

पैशांचं बोलणं दिवसावर करा, ठोक नको. ठोक घेतलेला माणूस हवा वाईट असली तरी निघायची घाई करतो. चालायच्या दिवसाचा एक दर आणि बंदरात थांबावं लागलं तर कमी दर, असं ठरवा. डिझेल, जेवण, बंदराचे पैसे आणि परतीचं रेल्वे तिकीट तुमच्याकडे. जहाजावरचा मोठा अधिकारी म्हणजे लहान बोटीचा जाणकार असं नसतं, तेव्हा या मापाच्या बोटी कुठून कुठे नेल्या हे विचारा आणि त्या मालकांना फोन लावा.

कागदांत दोन ठिकाणी माणसं अडकतात. नोंदणी खाडी-नदीपुरती असेल तर त्या कागदावर उघड्या समुद्रात जाता येत नाही. विम्यातही कुठवर फिरायचं याची हद्द असते. या प्रवासापुरती ती वाढवून घ्या आणि कॅप्टनचं नाव कंपनीला लेखी कळवा. कारवारला नौदलाचा तळ आहे, त्यामुळे बंदराच्या कार्यालयाला आधी सांगून ठेवलेलं बरं. नदीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, भरती चढत असतानाच आत शिरायचं. वायरलेसवर संकटात हाक मारायचा चॅनल १६ आणि मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ हवाच.

बोट २०-२२ फुटी असती तर मी ट्रेलरवरून हायवेने आणा म्हटलं असतं. पण २.६ मीटरपेक्षा रुंद माल रस्त्याने न्यायला वेगळी परवानगी लागते, आणि तुमची बोट तेवढ्यात बसणार नाही.

तांडेलाशी आधीच मोकळेपणाने बोला, नाहीतर मानापमान होईल. त्यांना ठरलेली मजुरी द्या आणि बोटीवर हुकूम कॅप्टनचा चालेल हे दोघांसमोर सांगा. तुम्हाला स्वतःला यायची हौस असेल तर मुंबईहून नको. संकेश्वर, गडहिंग्लज, आंबोली करत पणजीला या आणि शेवटच्या टप्प्याला चढा. उलटीची गोळी मात्र चढायच्या तासभर आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.