आजोबांची ट्रंक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या बाराव्याला एवढी माणसं होती की तुझ्याशी धड बोलता आलं नाही. वर्तमानपत्रात द्यायला आजोबांच्या पराक्रमाचं काहीतरी सांगा, असं तू म्हणालास. सांगतो, पण आधी दुसरं काम.

आजीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला हवं, आणि ते तूच कर. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत झालेली बरी. दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेव. 'स्पर्श'वर, म्हणजे फौजी पेन्शनच्या पोर्टलवर, आणि बँकेत लगेच कळव, नाहीतर पेन्शन जमा होत राहते आणि पुढे तेवढी रक्कम कापून घेतात. म्हाताऱ्या माणसाला तो धक्का सोसत नाही. मग पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढून आजीचं नाव नि जन्मतारीख आधारशी जुळते का बघ. आमच्याकडच्या बायकांचं नेमकं इथे अडतं: माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि जन्मतारीख शाळेत कुणीतरी घातलेली 1 जून. माझ्या भावजयीची पेन्शन एका अक्षरापायी दीड वर्ष रखडली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जुळत नसेल तर पणजीच्या सैनिक कल्याण खात्यात जा. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला काय लिहायचं ते तिथे विचार.

आता पराक्रम. 1971 च्या डिसेंबरात आजोबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, जमालपूरला होते, जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत. शरण या, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियरने पाठवली, तर समोरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी धाडली. 10 तारखेच्या रात्री पाकिस्तान्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला. पलटणीने रस्ता सोडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. एवढं कुठेही वाचायला मिळेल. आजोबा त्या रात्रीबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, सकाळी चहा आला तेव्हा कप धरायला बोटंच उघडेनात, शेजारच्याने पाजला. तू हे लिही. शौर्यगाथा, रणझुंजार असले शब्द त्यांच्या नावापुढे लावू नकोस, त्यांना ते कधीच आवडले नसते.

मी 1975 साली रंगरूट म्हणून बेळगावला गेलो तेव्हा ते आमचे उस्ताद होते. दिवसभर मैदानावर त्यांच्या आवाजाने पाय कापायचे. रात्री घरच्या आठवणीने एखादा पोरगा तोंड झाकून रडत असला की ते खाटेच्या कडेला येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. तो झोपला की उठून जायचे. त्या खाटेवर मीही एकदा होतो.

सत्तरी तालुक्यात परत आल्यावर ते कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, रमले. पोफळींना पाणी सोडताना शेजाऱ्याची पाळी लागायच्या आधीच आपला पाट बंद करायचे. त्यावरून आमचं हसणंही व्हायचं. आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाताना ते आजीला सोबत न्यायचे, आठवतं? मी विचारलं, वहिनींना कशाला चालवता एवढं? तर म्हणाले, "तिला बँकेची वाट पाठ होऊ दे."

येत्या नोव्हेंबरात तो दाखला तिला स्वतःचा द्यायचा आहे. तेव्हा तू बरोबर जा, पण पुढे तिला होऊ दे.

मी रविवारी येतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही 71 च्या युद्धाची पदकं, सगळं त्या काळ्या ट्रंकेत असणार. किल्ली आजीच्या कमरेला आहे. तिने स्वतः काढून दिल्याशिवाय मागू नकोस.

तुझा,
काका