एक जोडी स्पीकर, दोन व्हॉल्यूम

प्रश्न : भाऊ, आमच्या बाबांच्या भजनांच्या अन् नाट्यगीतांच्या तबकड्या ऐकायसाठी मी जुना स्टिरिओ प्रीॲम्प (आवाज निवडणारा, कमी-जास्त करणारा) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा) घेतला. दिवाळीत लेकानं पुण्याहून सिनेमाचा ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर अन् एक सबवूफरवाला ॲम्प) आणून टीव्हीखाली मांडला. मोठे स्पीकर दोनच, खोलीत तिसरा मावत नाही. दोन्ही त्याच स्पीकरवर चालतील काय? अन् तबकडी लावली की घूंऽऽ आवाज येते, उन्हाळ्यात तर जास्तच.
– एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : चालतील गुरुजी. फक्त रिसीव्हरच्या अन् पॉवर ॲम्पच्या तारा एकाच स्पीकरला पिरगाळून जोडू नका. एक ॲम्प दुसऱ्याच्या आऊटपुटमध्ये करंट ढकलते. आर्वीत माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर दिवाळीनंतर असे जळके रिसीव्हर हमखास येतात.

रिसीव्हर उलटा फिरवा. मागं ‘प्री-आऊट’ लिहिलेली, दुसऱ्या ॲम्पला सिग्नल देणारी भोकं आहेत का पाहा. असतील तर त्यातले फ्रंट डावे-उजवे आरसीए तारेनं प्रीॲम्पच्या ‘ऑक्स’ इनपुटमध्ये घाला. प्रीॲम्प पॉवर ॲम्पला, पॉवर ॲम्प मोठ्या स्पीकरला. सेंटर (संवादाचा मधला) अन् मागचे स्पीकर रिसीव्हरवरच राहू द्या. तबकडीच्या वेळी रिसीव्हर बंद, सिनेमाच्या वेळी सगळंच चालू. प्री-आऊट नसतील तर हा मार्ग सोडा आणि स्पीकर बदलायचा चांगला सिलेक्टर बॉक्स घ्या. त्याचा खटका दोन्ही ॲम्प बंद करूनच फिरवायचा.

आता खरी मेख. सिनेमा लागला की आवाज दोन व्हॉल्यूममधून जातो, म्हणजे एका दमणीवर दोन धुरकरी. नव्या प्रीॲम्पला बहुतेकदा ‘एचटी (होम थिएटर) बायपास’ असतो, तो स्वतःचा व्हॉल्यूम बाजूला ठेवतो. तुमच्या जुन्याला तो बहुधा नसेल. मग व्हॉल्यूमची खुंटी बाराच्या काट्यावर आणा, तिथं सूनबाईकडून नेलपॉलिशचा ठिपका मागून घ्या आणि तीच सिनेमाची जागा धरा. खुंटी ठिपक्यावर असतानाच रिसीव्हरचा माइक लावून स्पीकरची आपोआप मोजणी पुन्हा करा. त्यानंतर सिनेमाचा आवाज फक्त रिसीव्हरच्या रिमोटनं. खुंटी वर सरकली तर गाणी-मारामारी दणदणेल अन् सेंटरमधले संवाद बुडतील. तबकडीकडे वळताना मात्र आधी खुंटी खाली घ्या, मगच प्रीॲम्पचा सिलेक्टर फिरवा.

घूंऽऽ तबकडीलाच जास्त येते याचं कारण सुईकडून येणारा सिग्नल. तो जेमतेम काही मिलिव्होल्टचा, सीडी प्लेअरचा सुमारे २ व्होल्टचा. तो इतका मोठा करताना सोबतची घरघरही मोठी होते. टर्नटेबलची बारीक अर्थची तार प्रीॲम्पच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट आहे का, हे पहिलं बघा. मग डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. घरघर थांबली तर ती छतावरच्या डिशमधून येते. रिसीव्हर बंद असला तरी तारा जोडलेल्याच असतात ना! सगळ्यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या.

उन्हाळ्यात वाढते म्हणता, तर माझा संशय अर्थिंगच्या खड्ड्यावर. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, पुरलेल्या इलेक्ट्रोडला (अर्थिंगच्या सळईला किंवा पट्टीला) सोडून देते. कोळसा-मीठ भरा, आठवड्याला बादलीभर पाणी घाला. कोणी तीन पिनांतली मोठी पिन तोडून घरघर घालवून देतो म्हटलं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

लाइन गेली की पॉवर ॲम्पचं बटन बंद करा. परत येते तेव्हा सगळं एकदम चालू होते, अन् तो धप्पकन बसणारा दणका स्पीकरचे पडदे सोसतात. चालू करताना पॉवर ॲम्प शेवटी, बंद करताना पहिला.

सबवूफर (खर्जाचा स्पीकर) रिसीव्हरलाच असल्यानं तबकडीच्या वेळी मुका राहील. नाट्यगीताला मला तरी तो लागत नाही. लेकाला लागत असेल तर दोन वेगळे इनपुट असलेला सबवूफर त्यानं पुढच्या दिवाळीत आणावा.