1991-92: लीड्सला विजेतेपद आयतं मिळालं नव्हतं

इंग्लिश फुटबॉल लीगबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 1992 च्या आधीची विजेतेपदं धरायची की नाही, आणि 1991-92 ला लीड्स युनायटेड जिंकलं ते मँचेस्टर युनायटेड शेवटी ढेपाळलं म्हणूनच का.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: धरायचीच. ऑगस्ट 1992 मध्ये प्रीमियर लीग आली ती फर्स्ट डिव्हिजनच्या, म्हणजे तोवरच्या सर्वोच्च लीगच्या जागी. पैशाची आणि टीव्हीची गणितं बदलली, क्लब आणि मैदानं तीच राहिली.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र जानेवारीत जावं लागेल. 29 डिसेंबर ते 15 जानेवारी, एवढ्या दिवसांत हे दोन संघ तीनदा भिडले आणि तिन्ही वेळा लीड्सच्या एलंड रोडवर. लीगमध्ये 1-1. मग मँचेस्टर युनायटेडने (पुढे नुसतं मँचेस्टर) लीग कपमध्ये 3-1 आणि एफए कपमध्ये 1-0 असं हरवून लीड्सला या दोन्ही बाद पद्धतीच्या कपांतून बाहेर काढलं. त्या शेवटच्या सामन्यात लीड्सचा मुख्य स्ट्रायकर ली चॅपमन मनगट मोडून घेऊन बसला. त्याची जागा भरायला लीड्सचा मॅनेजर हॉवर्ड विल्किन्सनने फ्रेंच फॉरवर्ड एरिक कँटोनाला आणलं.

आता याची दुसरी बाजू बघा. लीड्सकडे फक्त लीग उरली. मँचेस्टरने 12 एप्रिलला लीग कप जिंकला, पण तोवर त्यांचे लीगचे सामने तुंबले होते. 16 ते 26 एप्रिल, अकरा दिवसांत पाच सामने! एक जिंकला, एक बरोबरीत, मग नॉटिंगहॅम फॉरेस्ट, वेस्ट हॅम आणि लिव्हरपूलकडून ओळीने हार. पाय थकले होते. त्या संघाला लेचापेचा म्हणणं मला पटत नाही.

आणि लीड्स? 42 सामन्यांत फक्त 4 पराभव, घरी एकही नाही. एप्रिलच्या सुरुवातीला मँचेस्टर सिटीने त्यांना 4-0 धुतलं होतं. तिथून पुढे एकही सामना ते हरले नाहीत. स्ट्रॅकन, मॅकॅलिस्टर, बॅटी आणि स्पीड ही मिडफिल्डची चौकडी खरी ताकद. कँटोनामुळे जिंकले असं सर्रास सांगितलं जातं, पण लीगमध्ये तो 15 सामने खेळला, बरेचसे बदली म्हणून, आणि गोल 3. त्यातला चेल्सीविरुद्धचा मात्र जरूर बघा: चेंडू खाली पडू न देता बचावपटूवरून उचलला आणि तसाच जाळ्यात मारला.

26 एप्रिलचा शेफील्ड युनायटेडविरुद्धचा सामनाही शोधून बघा. त्यांच्या ब्रॅमॉल लेन मैदानावर वारा एवढा की चेंडू कुठे पडेल याचा कुणालाच भरवसा नाही. 2-2 असताना एक चेंडू उंच उडतो, रॉड वॉलेस त्याच्यामागे जीव खाऊन धावतो, शेफील्डचा गोलरक्षक पुढे येतो आणि त्यांचाच ब्रायन गेल डोक्याने चेंडू त्याच्यावरून मागे ढकलतो. ओन गोल, म्हणजे स्वतःच्याच जाळ्यात, 3-2. त्याच दुपारी मँचेस्टर लिव्हरपूलमध्ये 2-0 हरलं आणि लीड्स विजेते ठरले. शेवटी गुण 82 आणि 78. तो ओन गोल नशिबाचा, हे मान्य. पण वॉलेस धावला नसता तर गेलला घाई करायचं कारणच नव्हतं.

जाता जाता त्याच मोसमातली आणखी एक गोष्ट. आधीच्या वर्षी चारही डिव्हिजनमध्ये मिळून सगळ्यात शेवटी, म्हणजे 92 व्या क्रमांकावर राहिलेल्या रेक्सहॅमने जानेवारीत एफए कपमध्ये आधीच्या मोसमातल्या लीगविजेत्या आर्सेनलला 2-1 हरवलं. आणि मार्चमध्ये चौथ्या डिव्हिजनमधला ऑल्डरशॉट पैशाअभावी मोसमाच्या मध्यातच बंद पडला. त्यांचे त्या वर्षीचे सगळे निकाल रद्द झाले. 1992 पासूनच मोजायचं म्हटलं तर हेही पुसलं जातं, म्हणून मला ते खटकतं.

लीड्स पुढच्या मोसमात 17 वे आले, परक्या मैदानावर एकही लीग सामना जिंकले नाहीत. कँटोना नोव्हेंबरमध्येच मँचेस्टरला गेला होता.