वाचकांचे प्रश्न : प्रवरेच्या खोऱ्यातून

गेल्या अंकात प्रवरेवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून चार पत्रं निवडली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी राहुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचा. चौतीस वर्षं कालव्यावर नोकरी केली, त्यामुळे ही नदी मला नकाशापेक्षा पायांनी जास्त माहीत आहे.

प्रश्न : मी शाळेत भूगोल शिकवते. प्रवरा जेमतेम दोनशे किलोमीटरची, गोदावरीची एक उपनदी. तिच्या खोऱ्यात मुलांना दाखवण्यासारखं वेगळं काय आहे? (एक शिक्षिका, पुणे)

बाई, मुलांना आधी पाऊस दाखवा. नदी रतनगडाच्या पोटात उगम पावते. तिथं घाटघर, रतनवाडीच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून संगमनेर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. तिथं तो पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्रीला अडून ढग रिकामे होतात आणि पुढं येतो तो नुसता वारा. पर्जन्यछाया हा शब्द मुलं पाठ करतात, पण एका दिवसात एसटीने राजूरहून संगमनेरला उतरलं की तो डोळ्यांनी दिसतो. वर भाताची खाचरं, नागली, वरई. अकोले गावाच्या खाली बाजरी, आणि कालवा लागला की एकदम ऊस.

गुरंसुद्धा बदलतात. वरच्या पट्ट्याला डांगाण म्हणतात आणि तिथली डांगी गाय-बैलं काळी-पांढरी, ठेंगणी. त्यांच्या अंगावर हात फिरवला तर हाताला तेलकट लागतं. त्या तेलकटपणामुळे चार महिने कोसळणाऱ्या पावसात ती भिजून आजारी पडत नाहीत. राजूरला या जनावरांचं प्रदर्शन भरतं, जमलं तर मुलांना तेव्हा न्या. नदीचं खोरं म्हणजे काय हे एका डांगी बैलाच्या पाठीवर कळतं.

रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, शेजारी पुष्करणी. सहल तिथून सुरू करा. मग भंडारदरा धरण, रंधा धबधबा, अकोले, संगमनेर. संगमनेरच्या खाली एक गोष्ट जरूर दाखवा : नदी खोल आणि काठ उंच. हजारो वर्षं साचलेल्या गाळाचे ते थर आहेत, आणि पावसाने कापून त्यात घळीच घळी पडल्या आहेत. तिथं थांबून मुलांना एवढंच विचारा, ही माती कुठून आली?

प्रश्न : आम्ही अकोले तालुक्यातले, महादेव कोळी समाजाचे. आमच्या डोक्यावर पाऊस पडतो, आमच्या जमिनीत धरणं झाली आणि मार्च-एप्रिलमध्ये आमच्याच बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. खालचे लोक बागायतदार झाले. हा न्याय कुठला? तुम्ही कालव्यावर होता, तुम्हीच सांगा. (एक तरुण वाचक, अकोले तालुका)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमची तक्रार खरी आहे. मी ज्या पाण्याचे दरवाजे उघडत-लावत आलो ते तुमच्या डोंगरावरचं पाणी होतं, हे मी कधी नाकारलं नाही.

हे घडलं कसं ते सांगतो. 1876 ते 78 चा आणि पुढं 1899-1900 चा दुष्काळ नगर जिल्ह्याने सोसला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळापासून संरक्षण म्हणून या भागात धरणं-कालवे काढायचं ठरवलं. भंडारदऱ्याचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये पूर्ण झालं. 82 मीटर उंचीचा दगडी बांध, साठा 11,039 दशलक्ष घनफूट. आमच्या भागात हा आकडा शाळकरी पोरालाही पाठ असतो, कारण ‘धरण भरलं का?’ हाच जुलै-ऑगस्टमधला पहिला प्रश्न. पण भंडारदऱ्यातून थेट कालवा निघत नाही. पाणी नदीतूनच खाली येतं, संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावर अडतं आणि तिथून डावा-उजवा कालवा सुरू होतो. म्हणजे तुमच्या तालुक्यातून नदी भरून वाहते आणि पाट फुटतो तो तुमची हद्द संपल्यावर. योजनेची आखणीच अशी होती. डोंगराळ, उताराची जमीन पाटाला सोयीची नव्हती आणि डोंगरातल्या माणसाचं ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं.

त्याच्या कितीतरी आधी तुमच्या समाजाची सरकारशी गाठ पडली होती ती वेगळ्याच कारणाने. देवगावचे राघोजी भांगरे सावकारी आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले, 1848 च्या 2 मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. देवगाव याच खोऱ्यातल्या डोंगरातलं. साखरेचा इतिहास सांगताना हे नाव कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

खालची बाजूही ऐका, कारण मी तिथला. पाट आला म्हणून बाजरीवर जगणारी गावं उसावर गेली. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी जमवले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 1950 च्या अखेरीस तिथं गाळप सुरू झालं. त्या कारखान्याने कितीतरी घरांत शाळा आणली, माझ्याही. पण पाणी फुकट असल्यासारखं सोडलं गेलं. निचरा होईना, मीठ वर आलं, चांगल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या. माझ्या हद्दीत एका शेतकऱ्याच्या अडीच एकरात पांढरा थर धरला होता. तो पायाने थर उकरायचा आणि म्हणायचा, ‘माझ्या आज्याने पाटासाठी नवस केला होता.’ तेव्हा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना मात्र आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, पोचत नव्हतं. वरच्या चाऱ्यांवर, म्हणजे पोटपाटांवर, रात्री दारं फोडली जायची, आणि आम्ही कंदील घेऊन धावायचो.

निळवंडे धरणाला 1970 मध्ये मान्यता मिळाली. जिरायती गावांना पाणी द्यायचं ते धरण, साठा 8,320 दशलक्ष घनफूट. बुडणारी गावं तुमच्याच तालुक्यातली. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा याच लढ्यात गाजली आणि लोक मागे हटले नाहीत. कालव्यात पाणी सुटायला 2023 उजाडलं. ज्यांनी मागणी लावून धरली त्यातले अनेक जण पाणी बघायला उरले नव्हते.

आता तुमच्या हंड्याबद्दल. डोंगरात काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. पाऊस पडतो आणि पळतो. त्याला मोठं धरण हा उपाय नाही. वाडीवाडीला झऱ्याच्या तोंडाशी टाकी, उतारावर बांध, खाचराच्या वर लहान तळं, असली कामं लागतात. त्यांना खर्च कमी लागतो आणि उद्घाटनाला मंडपही लागत नाही, म्हणून ती मागे पडतात. तुमच्या वाडीतल्या ठाकर आणि कोळी म्हाताऱ्यांना कुठला झरा मे अखेरपर्यंत टिकतो ते नक्की माहीत असतं. त्यांच्याबरोबर एक दिवस फिरून झऱ्यांची यादी करा, ग्रामसभेत ठराव घाला आणि यादी त्याला जोडा. ठरावाची पोचपावती घ्या. मजुरीसाठी नारायणगावच्या बाजाराला जाणाऱ्या तुमच्या पोरांना निदान पावसाळ्यानंतरचे दोन महिने गावात काम मिळेल असा आग्रह धरा. यादी झाली की मला पाठवा. ती मी वाचेन आणि कामाचा अंदाज करून द्यायला येईन.

प्रश्न : राहुरी हे नाव राहूवरून पडलं हे खरं का? (राहुरी)

गोष्ट म्हणून सगळं खोरं तेच सांगतं. समुद्रमंथनातलं अमृत विष्णूने मोहिनीच्या रूपात वाटलं, राहू चोरून पंगतीत बसला, त्याचं शिर तुटून राहुरीला पडलं, काया कायगावला, आणि गळ्यातून सांडलं ते अमृत म्हणजे प्रवरा. म्हणून ती अमृतवाहिनी. नेवाशाचं मोहिनीराजाचं देऊळ आणि रतनवाडीचा अमृतेश्वर, दोन्ही या गोष्टीच्या दोन टोकांना उभे आहेत. नावाची व्युत्पत्ती म्हणून मी हे लिहून देणार नाही. पण डोंगरापासून संगमापर्यंतची गावं एका कथेत ओवणारी माणसं नदीला एकसंध समजत होती, हे मात्र दिसतं.

नेवाशाला गेलात तर पैस खांबही पाहा. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे. खांबावर जुना लेख कोरलेला आहे, देवाच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. मला तो लेख फार आवडतो. कुणीतरी तेलाचा हिशेब दगडावर लिहून ठेवला म्हणून तो खांब आज वाचता येतो.

प्रश्न : आमच्या शेताच्या नदीकडच्या बांधाला पावसात दरड पडली आणि तांबड्या खापराचे तुकडे निघाले. त्यांवर काळ्या रेघा आहेत. गावातले म्हणतात, जोर्वे-दायमाबादसारखं काहीतरी असेल. खरं असू शकतं का? काय करावं? (श्रीरामपूर तालुका)

असू शकतं, अगदी असू शकतं. एक तुकडा दोन बोटांत लोंबता धरा आणि दुसऱ्याने हलकेच टिचकी मारा. जोर्वे पद्धतीचं खापर चांगलं भाजलेलं असतं, धातूसारखा खणखणीत आवाज येतो. साध्या गाडग्याचा बद्द येतो. मी पहिल्यांदा हा आवाज ऐकला तो कालव्याच्या कडेला. कंबरेला कोन असलेल्या वाडग्याचा तो काठ होता. तांबूस, वर काळ्या तिरक्या रेघा. कुणाच्या तरी बोटाने ओढलेली रेघ शेवटाला किंचित जाड झाली होती. तीन हजार वर्षांपूर्वी हात थांबला तिथं रंग साचला होता.

संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, आणि त्या गावाच्या नावाने एका अख्ख्या संस्कृतीला ओळख मिळाली. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांची ती गावं. मेलेल्या लहान मुलांना ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. नेवाशाला अशा एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मण्यांच्या भोकात धाग्याचे तंतू टिकलेले होते, अभ्यासकांना त्यात कापूस आणि रेशीम ओळखू आलं. लेकराच्या गळ्यात माळ घालून झोपवणारी आई या काठावर होती, एवढं तरी त्यावरून नक्की समजतं.

दायमाबाद तुमच्याच तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर. 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथ 45 सेंटिमीटर लांब, हाकणारा उभा, आणि त्याच्यापुढे दांड्यावर एक कुत्रा. त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, बरेच जण त्यांना उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात. पण ब्राँझपेक्षा गाव मोठं आहे. तिथं एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. आणि साधारण इसवी सनपूर्व 1000 च्या सुमारास खोऱ्यातली ही गावं ओस पडली. पाऊसमान घटल्याचं कारण अभ्यासक देतात. पाणी आटलं की गावं उठतात, अकोल्याच्या मित्राला वर लिहिताना हेच डोक्यात होतं.

आता करायचं काय. बांध उकरू नका आणि पोरांना तुकडे गोळा करायला सोडू नका. तुकडा काढला की त्याची जागा हरवते, आणि जागा हरवलेलं खापर अर्धं मुकं. जागेवरच बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि पडलेल्या दरडीची उंची लिहून ठेवा. तहसील कार्यालयात लेखी कळवा, आणि फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. सांकळियांनी प्रवरेवरचं काम तिथूनच केलं. जेसीबी लावायचं ठरलेलं असेल तर तेवढं थांबवा.

परतीचा पाऊस येतो आहे, बांध आणखी ढासळेल. फोटो या आठवड्यातच काढा.