लहान प्रोग्रॅमिंग भाषा मागे का पडतात आणि मोठ्या का पसरतात?

स्कीमसारखी आटोपशीर भाषा मोजक्या वर्तुळात राहिली आणि सी++सारखी अवाढव्य भाषा सर्वत्र पोहोचली, हे कसे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भाषेचा आकार येथे निर्णायक नाही. भाषेने जे वगळले ते कोणी आणि किती एकवाक्यतेने भरून काढले, यावर तिचा प्रसार ठरतो.

स्कीमचे १९९८ चे मानक, म्हणजे आर५आरएस, सुमारे पन्नास पानांचे आहे आणि इतक्या थोड्या नियमांतून एवढी ताकद उभी राहते याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. परंतु त्यात मोड्यूलची, म्हणजे कोड स्वतंत्र भागांत विभागण्याची, सोय नाही, हॅश टेबल, म्हणजे किल्लीवरून माहिती चटकन शोधून देणारी रचना, नाही, चालू प्रोग्रॅममधील त्रुटी हाताळण्याची ठरलेली पद्धतही नाही. साहजिकच प्रत्येक अंमलबजावणीने, म्हणजे मानकानुसार स्कीम चालवणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरने, या गोष्टी आपापल्या परीने केल्या आणि एकीसाठी लिहिलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) दुसरीवर जशीच्या तशी चालेनाशी झाली. २००७ मध्ये आर६आरएस या पुढच्या मानकाने ही उणीव भरून काढू पाहिली, तेव्हा मानक फुगले असे म्हणत अनेकांनी ते स्वीकारलेच नाही.

लुआ तर स्कीमइतकीच लहान. पण ती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसवण्यासाठीच घडवलेली असल्यामुळे तिच्यात नसलेले तो प्रोग्रॅम पुरवतो.

गो या भाषेमध्ये कीवर्ड, म्हणजे राखीव शब्द, अवघे २५ आहेत, मात्र वेबवरील विनंत्यांना उत्तर देणारा एचटीटीपी सर्व्हर, चाचण्यांची साधने आणि कोडची मांडणी एकसारखी करणारे गोएफएमटी हे सारे भाषेबरोबरच मिळते. या लहानपणाची किंमतही वापरणाऱ्यांनी मोजली: सुरुवातीच्या काळात स्वतः ठरवलेल्या प्रकारच्या माहितीची यादी क्रमाने लावायची, तर प्रत्येक प्रकारासाठी लेन (लांबी सांगणारे), लेस (लहान कोण हे ठरवणारे) आणि स्वॅप (अदलाबदल करणारे) ही तीन फंक्शने लिहावी लागत. जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन अनेक प्रकारांसाठी लिहिण्याची सोय, आली ती मार्च २०२२ मध्ये, आवृत्ती १.१८ सोबत, आणि तोवर भाषा चांगलीच रुजलेली होती.

सी++ पसरली ती मुख्यतः हाताशी असलेला सीचा कोड फारसा न बदलता पुढे नेता येत होता म्हणून. शिवाय ती पूर्ण शिकण्याची सक्ती कोणावर नसते. जो तो आपल्यापुरता भाग उचलतो. अडचण येते ती दुसऱ्याचा कोड वाचताना, कारण त्याने उचललेला भाग वेगळा असतो. म्हणूनच मोठ्या संस्था भाषेतील काय वापरायचे आणि काय टाळायचे याची लेखी नियमावली ठेवतात; गूगलच्या नियमावलीत तर एक्सेप्शन, म्हणजे त्रुटी हाताळण्याची भाषेतील सोय, वापरण्यासच मनाई आहे.